गेमिंग लॅपटॉप: खेळणं की अवजार?

मागच्या वर्षी जूनमध्ये सोलापूरहून बाजीचा फोन आला. सलाम-दुआ झाल्यावर एरवी ती घरातल्या दहा गोष्टी सांगते. त्या दिवशी थेट मुद्द्यावर आली. "फैजान लॅपटॉप मांगरा. पौन लाख का. उसपे गेमिंग लिखेला है बोलते. तू समझा उसको."

फैजान माझा भाचा. पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाणार होता, राहायला आमच्याकडेच. दुल्हेभाई सोलापुरात शाळेच्या गणवेशांचं जॉबवर्क करतात. घरात चार मशिनी, दोन कामगार आणि उन्हाळ्यातला हंगाम. बाजीची भिशी त्याच महिन्यात लागली होती आणि त्या पैशांतून ओव्हरलॉक मशीन घ्यायचं ठरलं होतं. म्हणजे प्रश्न नुसता लॅपटॉपचा नव्हता. एका घरात एकाच वेळी एकच यंत्र येणार होतं, बापाचं किंवा मुलाचं. आणि मुलाच्या यंत्रावर 'गेमिंग' असं लिहिलेलं होतं.

गेल्या काही वर्षांत अशी विचारणा करणारे पाच-सहा पालक मला भेटलेत. कुणी रिक्षा चालवतो, कुणी उर्दू शाळेत शिक्षक आहे, कुणाचं किराण्याचं दुकान. मी व्हिडिओ संपादन आणि सबटायटलची कामं करतो, त्यामुळे "तुम्हाला कळतं" असा लोकांचा समज आहे. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: खेळायच्या वस्तूवर एवढे पैसे कशाला? फैजानचा लॅपटॉप आता दहा महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. दिवसा तो वापरतो, रात्री मी. त्यामुळे या विषयावर काही ठामपणे लिहिता येईल असं वाटतं.

आधी त्या शब्दाबद्दल. आपल्याकडे 'गेम' म्हटलं की वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात. एक, मोबाइलवर रात्रभर चालणारी गोळीबाराची लढाई. दुसरी, रमी आणि पैसे लावायच्या अ‍ॅपच्या जाहिराती. या दुसऱ्या प्रकाराने मोहल्ल्यामोहल्ल्यांत घरं पोखरली, हे खोटं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळं काढलं गेलं. कायद्याने जो फरक केला तो आपल्या बैठकीत अजून पोहोचलेला नाही. ओळखीच्या एका बुजुर्गांनी तर मला सरळ विचारलं, "जुगाराचं मशीन घरात आणणार का?" त्यांच्यावर हसण्यात अर्थ नाही. वस्तूच्या खोक्यावर जे छापलंय तेच ते वाचत होते.

पण त्या खोक्यात असतं काय? साध्या लॅपटॉपमध्ये जे असतं तेच, अधिक वेगळं ग्राफिक्स कार्ड, मोठे पंखे आणि जाड अ‍ॅडॉप्टर. खेळातलं चित्र सेकंदाला साठ-सत्तर वेळा नव्याने रंगवायचं तर लाखो ठिपक्यांचा हिशेब एकाच वेळी करावा लागतो. त्यासाठी या कार्डात हजारो छोटे गणक शेजारी शेजारी बसवलेले असतात. एका हुशार कारकुनाऐवजी दोन हजार साधे कारकून, असं समजा. खेळासाठी बांधलेली ही फौज दुसऱ्या कुठल्याही अशाच कामाला जुंपता येते. २००७ मध्ये एनव्हिडियाने 'कुडा' आणलं आणि ती वाट प्रोग्रामरना मोकळी करून दिली.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०१२ चं. टोरांटो विद्यापीठातले अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्स्केव्हर आणि त्यांचे शिक्षक जेफ्री हिंटन यांनी 'अ‍ॅलेक्सनेट' नावाचं न्यूरल नेटवर्क तयार केलं आणि चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत बाकीच्यांना फार मागे टाकलं. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेची सगळीकडे चर्चा आहे, तिच्या नव्या पर्वाची सुरुवात तिथून धरतात. हिंटन यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेलही मिळालं. ते नेटवर्क शिकवलं गेलं ते जीटीएक्स ५८० या दोन कार्डांवर. प्रत्येकी ३ जीबी मेमरी. दोन्ही कार्डं दुकानात खेळणाऱ्या पोरांसाठी विकली जाणारी. फैजानच्या लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०५० कार्डाची मेमरी ६ जीबी आहे. म्हणजे त्या दोन्ही कार्डांची मिळून जेवढी होती तेवढी, आणि ती आता पाठीवरच्या पिशवीत मावते.

एवढं सगळं बाजीला फोनवर सांगणं शक्य नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "दुल्हेभाईंना पुण्याला पाठव. दोघं जाऊन बघून येतो."

दुकानात गेलो तेव्हा विक्रेत्या पोराने आमच्यापुढे दोन लॅपटॉप ठेवले. दोन्हींवर आरटीएक्स ४०५० चा तोच हिरवा स्टिकर. एक पातळ, देखणा, पाच हजारांनी महाग. दुसरा जाड, काळा, मागे भली मोठी जाळी. पोरगा पातळ्याचं कौतुक करत होता. "कार्ड सेम है अंकल, ये प्रीमियम है." दुल्हेभाईंनी दोन्ही उचलून पाहिले, उलटे केले, खालची जाळी बघितली आणि विचारलं, "इसकी मोटर कित्ते वॅट की है?"

पोरगा हसला. फैजानही ओशाळला. मी मात्र गप्प झालो, कारण त्या दुकानात त्या दिवशी विचारलेला तोच एक योग्य प्रश्न होता.

दुल्हेभाईंचं गणित सरळ होतं. शिलाईच्या मशिनीचं डोकं कितीही नावाजलेलं असो, खाली मोटर कुठली आहे त्यावर काम ठरतं. जुनी क्लच मोटर सतत फिरत वीज खाते, सर्वो मोटर पाय दाबला की तेवढीच फिरते. डोकं तेच, पण काम आणि बिल वेगळं. लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचंही अगदी तसंच आहे. आरटीएक्स ४०५० हे नाव एकच, पण लॅपटॉप बनवणारी कंपनी त्याला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. पातळ यंत्रात उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून त्याला कमी वीज. आम्ही मोबाइलवर दोन्ही कंपन्यांच्या तपशिलाची पानं उघडली. तळाशी बारीक अक्षरांत सापडलं: पातळ्यात ५५ वॅट, जाडात १०५. विक्रेत्याला हे माहीत नव्हतं. त्याला दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

वॅट दुप्पट म्हणजे काम दुप्पट, असं नसतं हेही सांगायला हवं. ४०५० ला शंभरच्या आसपास वॅट मिळाले की त्यापुढे विशेष फरक पडत नाही. पण पन्नास आणि शंभर यांत जो फरक पडतो तो डोळ्यांना दिसतो. जास्त पैसे देऊन कमी काम करणारं यंत्र घेणं आमच्या घराला परवडणारं नव्हतं.

पूर्वी एनव्हिडिया अशा कमी विजेच्या कार्डांना 'मॅक्स-क्यू' असं वेगळं नाव लावत असे. २०२१ मध्ये तीस मालिकेपासून तो भेद नावातून गेला. टीका झाली तेव्हा लॅपटॉप कंपन्यांनी वॅटचे आकडे आपल्या संकेतस्थळावर द्यावेत असं कंपनीने सांगितलं. संकेतस्थळावर आले, दुकानातल्या स्टिकरवर नाही आले. नावांचा घोळ आणखीही आहे. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये ५,८८८ गणक आणि १२ जीबी मेमरी असते. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४,६०८ गणक आणि ८ जीबी. दोन वेगळ्या चिप, आकडा तोच. प्रोसेसरचंही तेच. आमच्या यंत्रातला रायझन ७ ७७३५एचएस हा २०२३ चा म्हणून विकला जातो. प्रत्यक्षात तो २०२२ च्या ६८००एच चा नवा अवतार आहे. एएमडीच्या या नामावळीत तिसरा आकडा पाहायचा: ३ असेल तर जुनी झेन ३ पिढी, ४ असेल तर झेन ४. पहिला ७ फक्त वर्ष सांगतो. मी याला खोटेपणा म्हणणार नाही, पण ज्याच्याकडे पाच वर्षांतून एकदाच पैसे जमतात त्याच्याशी हा व्यवहार सरळ नाही, एवढं नक्की म्हणेन.

शेवटी जाड, काळाच घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर तेच नाव वेगवेगळ्या तपशिलांसह चार किमतींना विकलं जातं. दुसरं, नावावर विसंबून घेण्याची सवय सुटावी यासाठीच तर हा लेख आहे. आता दहा महिन्यांचा अनुभव सांगतो.

काम कसं करतो? चांगलं. आठ कोअरचा प्रोसेसर जुन्या पिढीचा असला तरी फैजानच्या कामाला कुठे अडला नाही. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो त्रिमितीय चित्रं करतो. कॉलेजच्या संगणकावर ज्या एका फ्रेमला पाच-सहा मिनिटं लागत, ती इथे मिनिटाच्या आत होते, कारण तो हिशेब कार्ड करतं. देवनागरी हस्ताक्षर ओळखणारा छोटा प्रकल्प त्याने याच यंत्रावर रात्रभर शिकवत ठेवला. मी मुलाखतींचे व्हिडिओ संपादित करतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तासाभराचा व्हिडिओ बाहेर काढायला लावून मी जेवायला बसायचो, जेवण होऊन चहा व्हायचा तरी तो चालूच. आता पान वाढून होईपर्यंत काम निम्म्यावर आलेलं असतं.

आणि खेळ? खेळतो तो. लपवण्यासारखं काय आहे त्यात? 'व्हॅलरंट'सारखा हलका खेळ पडद्याच्या १४४ हर्ट्झला सहज पुरा पडतो. 'सायबरपंक २०७७'सारखा जड खेळ मध्यम-उच्च सेटिंगवर डीएलएसएस लावून साठच्या वर राहतो. डीएलएसएस म्हणजे चित्र लहान आकारात काढायचं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने मोठं करायचं. १०८० च्या पडद्यावर 'क्वालिटी' निवडलं तर कार्ड आतून ७२० चंच चित्र काढत असतं. पडद्याकडे नाक लावून बसलं तर फरक कळतो, हातभर अंतरावरून नाही. जाहिरातींत मात्र एक गोष्ट जपून वाचा. चाळीस मालिकेपासून हे कार्ड दोन खऱ्या फ्रेमच्या मधे एक स्वतः रचलेली फ्रेम घालू शकतं. त्यामुळे सेकंदाच्या फ्रेमचा आकडा फुगतो, चित्र गुळगुळीत दिसतं, पण बटण दाबल्यावर प्रतिसाद काही त्या प्रमाणात लवकर मिळत नाही. दुपटीचे उभे खांब दिसले की खाली बारीक अक्षरांत 'फ्रेम जनरेशन' लिहिलंय का, ते बघावं.

६ जीबी मेमरी हा या यंत्राचा खरा काठ आहे. आज पुरते, उद्या पुरेल याची खात्री नाही. नवे खेळ सगळ्या सेटिंग वर नेल्या की ती भरते आणि चित्र अडखळतं. भाषेची छोटी मॉडेल घरच्या घरी चालवायची तर सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटांत आवळून आत बसतं, तेरा अब्जांचं बसत नाही. ज्याला दहा-पंधरा हजार जास्त घालता येतील त्याने ८ जीबीचं कार्ड घ्यावं. आम्हाला घालता येत नव्हते.

आता दुखणी. पहिलं, पडदा. १४४ हर्ट्झ असं ठळक छापलेलं होतं. तपशिलात ४५ टक्के एनटीएससी आणि २५० निट्स असंही होतं, पण वॅटच्या नादात तिकडे माझंच दुर्लक्ष झालं. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे संगणकावर सर्वसाधारण धरल्या जाणाऱ्या एसआरजीबी रंगांपैकी दोन-तृतीयांशही रंग पडदा दाखवत नाही. लाल रंग विटकरी दिसतो. मी एका लग्नाचा व्हिडिओ यावर रंग लावून पाठवला. नवरीचा शालू लाल दिसेपर्यंत मी रंग चढवत गेलो, आणि चांगल्या टीव्हीवर तो भडक, डोळ्यांत खुपणारा निघाला. आता रंगाचं काम मी बाहेरचा मॉनिटर जोडून करतो. अभ्यास आणि खेळाला हा पडदा चालतो. फोटो, व्हिडिओ, छपाई अशा कामातून रोजी कमावणाऱ्याने मात्र 'शंभर टक्के एसआरजीबी' लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नये.

दुसरं, रॅम. १६ जीबी म्हणून जी मिळाली ती एकाच पट्टीत. प्रोसेसरला मेमरीशी बोलायला दोन रस्ते असतात, एकच पट्टी असली की एक रस्ता बंद. पुस्तकी भाषेत याला सिंगल चॅनल म्हणतात. महिन्याभराने दुसरी पट्टी टाकली तेव्हा खेळातलं मधेच अडखळणं बरंच कमी झालं. नशीब की लवकर टाकली, वर्षाअखेरीस रॅमचे भाव भडकले. घेतानाच दोन पट्ट्या मागाव्यात, नाहीतर दुसरी खाच मोकळी आहे का हे तरी विचारावं.

तिसरं, उष्णता आणि आवाज. जड काम सुरू झालं की प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढे जातो. कंपन्या याला सामान्य म्हणतात, आणि चिप त्यासाठी बनवलेली असते हेही खरं. पण पंखे असे फिरतात की पहिल्या आठवड्यात अम्मीने स्वयंपाकघरातून विचारलं होतं, मिक्सर कुणी लावला. फैजान मे महिन्यात तो सोलापूरला नेणार आहे. तिथे दुपारी खोलीतच चाळीस अंश असतात. आत येणारी हवाच गरम असली तर पंखा काय करणार? मी त्याला तीन गोष्टी सांगून ठेवल्यात: गादीवर ठेवायचा नाही, खेळाच्या फ्रेम साठवर बांधायच्या आणि जाळीतली धूळ दर काही महिन्यांनी साफ करायची. शिलाईच्या खोलीत तर ठेवायचाच नाही, कापसाचा तंतू पंख्यात गेला की गोळा होतो.

चौथं, बॅटरी. ६० वॅट-अवरची आहे. लिहिणं-वाचणं केलं तर चारेक तास. पण काम जड केलं तर तासही धरत नाही, शिवाय प्लग काढला की कार्डाची वीजही कमी होते. शंभर वॅट खाणारं यंत्र साठ वॅट-अवरच्या बॅटरीवर किती चालेल, हे पोराटोरालाही सांगता येईल. लॅपटॉप सव्वादोन किलो, अ‍ॅडॉप्टर पाऊण किलो. मिळून तीन किलो पाठीवर घेऊन पीएमपीच्या बसमध्ये उभं राहायचं. ज्याला दिवसभर वर्गात नोट्स घ्यायच्यात त्याच्यासाठी हे यंत्र नाही.

पैशांचंही सांगतो, कारण आपल्या घरांत तिथेच गाडी अडते. दुकानात 'नो कॉस्ट ईएमआय' सुचवलं गेलं. व्याज नको हा बाजीचा आग्रह. विक्रेता म्हणाला, व्याज नाहीच. असतं. बँक व्याज लावते, दुकान किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत देते, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुतेक वेळा ग्राहकाच्या माथी येतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याज ही कल्पना अस्तित्वात नसल्याचं बँकांना बजावलं होतं. आम्ही रोख देतो म्हटल्यावर ७६,००० चे ७४,००० झाले. व्याज नव्हतं तर हे दोन हजार कुठून आले? ज्यांना व्याज चालत नाही त्यांनी आणि ज्यांना चालतं त्यांनीही, रोखीचा भाव एकदा वेगळा विचारून बघावा.

आता मूळ प्रश्न. खेळणं की अवजार? माझं मत स्पष्ट आहे. मध्यम किमतीचा गेमिंग लॅपटॉप हा आज साध्या घराला परवडणारा सगळ्यात ताकदवान संगणक आहे. व्यावसायिकांसाठी म्हणून जी यंत्रं विकली जातात ती बहुतेक वेळा याच ताकदीला कितीतरी जास्त पैसे मागतात. खेळणारी पोरं जगभर लाखोंनी आहेत म्हणून ही कार्डं स्वस्त झाली, आणि त्याचा फायदा शिकणाऱ्याला मिळतो. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा २०२० साली आलेला खेळ पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. खेळ बनवणं हेही काम आहे, त्यात चित्रकार लागतात, गणित येणारे लागतात, गोष्ट सांगणारे लागतात. आपल्या मुलांनी ते का करू नये?

पण प्रत्येकाने हाच घ्यावा, असंही मी म्हणणार नाही. वाणिज्य, कला, कायदा शिकणाऱ्याला याची गरज नाही. नुसतं प्रोग्रामिंग शिकायचं तर चाळीस हजारांतला साधा लॅपटॉप पुरतो, आणि कधीमधी ग्राफिक्स कार्ड लागलं तर गूगल कोलॅबवर काही मर्यादेत फुकट मिळतं. मुलगा 'अभ्यासासाठी' म्हणतो आणि कशाच्या अभ्यासासाठी हे त्याला सांगता येत नाही, तर थांबावं. फैजानला मी हेच विचारलं होतं. त्याने ब्लेंडरमध्ये केलेलं सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या बुरुजाचं अर्धवट चित्र दाखवलं. अर्धवट, कारण कॉलेजच्या संगणकावर ते पुढे जातच नव्हतं. मला तेवढं पुरेसं होतं.

तक्रार माझी मुलांबद्दल नाही, पालकांबद्दलही नाही. तक्रार खोक्यावरच्या शब्दांबद्दल आहे. सिमेंटच्या गोणीवर ग्रेड लिहिलेली असते, पंख्यावर आणि फ्रिजवर विजेचे तारे असतात, औषधाच्या पट्टीवर मात्रा असते. पाऊण लाखाच्या यंत्रावर मात्र कार्डाला किती वॅट मिळतात, पडदा किती रंग दाखवतो, रॅम किती पट्ट्यांत आहे, हे तीन आकडे समोर छापायला काय हरकत आहे? ज्याला इंग्रजी संकेतस्थळांवर तासभर घालवता येतो तो हे शोधून काढतो. ज्याला येत नाही तो स्टिकर बघून घेतो आणि महाग फसतो. आणि स्टिकर बघून घेणारा बहुतेक वेळा तोच असतो, ज्याच्या घरात या पैशांसाठी दुसरं काहीतरी मागे ठेवलेलं असतं.

दुल्हेभाईंचं ओव्हरलॉक मशीन अजून आलेलं नाही. काजं आणि कडा ते बाहेरून करून आणतात, त्याचे पैसे दर नगामागे जातात. बाजीने नवी भिशी धरलीय. मागच्या ईदला ते पुण्याला आले होते तेव्हा फैजानने पूर्ण झालेला बुरूज त्यांना फिरवून दाखवला, वरून, खालून, दगडांच्या सांध्यांसकट. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग लॅपटॉपच्या मागच्या जाळीवर हात ठेवला, गरम लागला तसा काढून घेतला आणि म्हणाले, "चलरा अच्छा. तेल-पाणी करते रहना."

धूळ साफ करण्याबद्दल ते बोलत होते. फैजानला ते कळलं. त्या रविवारी त्याने ब्रश आणून दोन्ही पंखे साफ केले.